जास्तीचं व्हिटॅमिन सी जातं कुठे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावत होते, तेवढ्यात एक काका आले. पुण्यात कर्वेनगरला माझं औषधांचं दुकान आहे आणि काका मागच्याच सोसायटीतले, रोज फिरायला जाताना हात करणारे. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "चार दिवस झाले, पोट थाऱ्यावर नाही. सकाळी तीन-तीनदा जावं लागतं, दिवसभर गुडगुड चालू असते. जुलाब थांबवायची एखादी गोळी दे बाई."

ताप नव्हता, उलटी नव्हती, बाहेरचं काही खाल्लेलं नव्हतं. घरात बाकी सगळे ठणठणीत. मी विचारलं, "काका, नवीन औषध काही सुरू केलंय का?"

"औषध काही नाही गं. फक्त व्हिटॅमिन सी घेतोय. सर्दी जात नव्हती ना."

या "फक्त" शब्दापाशी मी नेहमी थांबते. बिलाचा कागद उलटा केला आणि काकांना एकेक गोळी सांगायला लावली. सकाळी ग्लासभर पाण्यात टाकायची फसफसणारी गोळी, ती 1000 मिलीग्रॅमची. मग चघळायच्या नारिंगी गोळ्या, प्रत्येकी 500 च्या. एक दुपारी जेवणाआधी, एक संध्याकाळी, एक रात्री बातम्या बघताना, "चव बरी लागते म्हणून". बेरीज झाली 2500 मिलीग्रॅम. त्याखाली मी आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनं 2020 साली सांगितलेली रोजची गरज लिहिली: पुरुषांना 80, बायकांना 65. काका कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण जास्तीचं लघवीवाटे निघून जातं ना?"

हे वाक्य काउंटरवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता त्यावर नीट लिहायलाच हवं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आणि पोट बिघडतं ते उरलेल्या अर्ध्यात.

आधी खरा अर्धा भाग. व्हिटॅमिन सी, म्हणजे क जीवनसत्त्व, पाण्यात विरघळतं. ए किंवा डी जीवनसत्त्वासारखं ते शरीरात महिनोन्महिने साठून राहत नाही. पेशी भरल्या, रक्तातली पातळी एका मर्यादेवर गेली, की मूत्रपिंडं उरलेलं बाहेर सोडतात. पावसाळ्यात खडकवासला धरण भरलं की मुठा नदीत पाणी सोडतात आणि भिडे पूल पाण्याखाली जातो, तसंच. धरणाला ठराविकच साठा धरता येतो, वरचं सोडावंच लागतं.

पण मुठेत सोडायला पाणी आधी धरणात यावं लागतं. तसं लघवीतून जायला जीवनसत्त्व आधी रक्तात यायला हवं, आणि रक्तात येण्याआधी वाटेत लहान आतडं आहे. तिथे हे जीवनसत्त्व आपोआप झिरपत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर काही खास प्रथिनं असतात, ती सोडियमच्या साथीनं व्हिटॅमिन सीचे रेणू पकडतात आणि आत नेतात. ही प्रथिनं संख्येनं मर्यादित असतात. स्वारगेटला बस लागते तेव्हाचं दृश्य आठवा. दारात पाचजण असतील तर सगळे निवांत चढतात. शंभरजण असतील तर बस भरते, सुटते, आणि बाकीचे थांब्यावरच राहतात. धक्काबुक्की कितीही केली तरी दार तेवढंच असतं.

याचं नेटकं मोजमाप अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात निरोगी तरुणांना चार ते सहा महिने रुग्णालयातच ठेवलं होतं, म्हणजे खाण्यातलं व्हिटॅमिन सी काटेकोर आवरता यावं. त्यात दिसलं असं: एका वेळी 200 मिलीग्रॅम दिलं तर जवळपास सगळं रक्तात पोचतं. 1250 दिलं तर निम्म्याहून कमी पोचतं. रोज 400 च्या आसपास घेतलं की रक्तातली पातळी जवळजवळ तिच्या छतापर्यंत जाते, त्यानंतर मात्रा वाढवून विशेष काही हाती लागत नाही.

म्हणजे 1000 ची गोळी एकदम घेतली तर तिच्यातला बराचसा भाग रक्ताचं तोंडही बघत नाही. तो आतड्यातच पुढे सरकत राहतो. आणि लघवीशी त्याचा काही संबंध येत नाही.

आता हे थांब्यावर राहिलेले रेणू काय करतात? इथे स्वयंपाकघरात जाऊया. काकडीची कोशिंबीर करताना मीठ अगदी शेवटी घालायचं असं प्रत्येक आई सांगते. आधी घातलं तर पाच मिनिटांत भांड्यात पाणी सुटतं. मिठानं ते काकडीच्या आतून ओढून काढलेलं असतं. मोरावळ्यासाठी आवळ्यांना साखर लावून ठेवली की सकाळी पातेल्यात पाकासारखा रस जमतो, तेही हेच. विरघळलेला पदार्थ जिकडे दाट, तिकडे पाणी धावतं. आतड्यात न शोषलेलं व्हिटॅमिन सी साचलं की ते असंच पाणी आपल्याकडे ओढून धरतं. मोठ्या आतड्याचं काम पाणी परत शोषून मळ घट्ट करायचं, पण इथे ओढ उलट्या दिशेनं असते. मळ पातळ होतो, आतडं ताणलं जातं, मुरडा येतो. शिवाय मोठ्या आतड्यातले जिवाणू या आयत्या आलेल्या मालावर काम करतात आणि वायू धरतो. काकांची गुडगुड ती हीच. संसर्ग नाही, सूज नाही, अपचनही नाही. आतड्यात फक्त पाणी जास्त झालेलं आहे.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की वैद्यकात तो मुद्दाम वापरतात. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून तपासायच्या, आदल्या दिवशी पोट धुऊन काढायला जी पावडर पाण्यात कालवून पाजतात, तिच्या काही प्रकारांत ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि सोडियम ॲस्कॉर्बेट मिळून लिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी घातलेलं असतं. ते शोषलं जाणार नाही, पाणी ओढेल, आतडं रिकामं होईल, याच हिशेबानं. जे रसायन त्या पिण्यात जुलाब घडवायला घालतात, तेच आपण सर्दीसाठी चघळत असतो, थोड्या मात्रेत.

मोठ्या माणसानं रोज 2000 मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये, ही मर्यादा अमेरिकेत 2000 साली ठरली तेव्हा आधारही हाच घेतला होता: जुलाब आणि पोटाच्या तक्रारी. अर्थात 2000 ही काही सगळ्यांसाठी आखलेली लक्ष्मणरेषा नव्हे. कुणाला 3000 घेऊन काही होत नाही, कुणाचं पोट 1000 लाच कुरकुरतं. ज्यांचं आतडं मुळातच नाजूक आहे, चहा प्यायल्या प्यायल्या ज्यांना पळावं लागतं, त्यांना आधी जाणवतं.

इंटरनेटवर एक सल्ला फिरतो, त्याची मला खरोखर काळजी वाटते. जुलाब होईपर्यंत मात्रा वाढवत न्या, जुलाब झाले म्हणजे शरीर "भरलं" असं समजा, आणि मग थोडी कमी करा. वर सांगितलेली यंत्रणा लक्षात आली असेल तर यातली चूक दिसेल. जुलाबांवरून कळतं ते इतकंच, की आतड्याच्या दारात गर्दी झाली. पेशींना किती मिळालं याची ती खूण नाही. रक्त तर 400 लाच काठोकाठ आलेलं असतं.

आता दुसरी तक्रार, जी लोक पहिलीतच मिसळून टाकतात. "गोळी घेतली की छातीत जळजळ होते, ॲसिडिटी वाढते, मळमळतं." ही पोटाच्या वरच्या मजल्यावरची गोष्ट आहे आणि तिचं कारण वेगळं आहे. ॲस्कॉर्बिक ॲसिड हे नावाप्रमाणे आम्लच. तसं सौम्य, जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच्यापेक्षा कितीतरी तीव्र असतं, त्यामुळे निरोगी जठराला एका गोळीनं जखम वगैरे होत नाही. पण ज्यांना आधीच जठराला सूज आहे, आम्ल वर येतं, किंवा जे सकाळी उपाशीपोटी गोळी आणि पाठोपाठ चहा घेतात, त्यांना झोंबतं. अशांनी गोळी जेवणानंतर घेतली तर बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

इथेच "नॉन-ॲसिडिक" किंवा "बफर्ड" लिहिलेल्या गोळ्या येतात. त्यांत आम्लाऐवजी त्याचं सोडियमचं किंवा कॅल्शियमचं क्षार असतं. जळजळ त्यानं कमी होऊ शकते. जुलाब कमी होत नाहीत, कारण आतड्याचं दार आणि थांब्यावरची गर्दी तीच राहते. वरची तक्रार प्रकार बदलून आणि वेळ बदलून सुटते, खालची फक्त मात्रा कमी करून. ही एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजली की माझं निम्मं काम होतं. महागडी डबी घेऊन गेलेली माणसं आठवड्यानं परत येतात, "ॲसिडिटी गेली पण पोट अजून ढिलंच", तेव्हा वाईट वाटतं. आणि सोडियमच्या क्षारात सोडियम येतंच. फसफसणाऱ्या गोळीत तर फेस यावा म्हणून सोडाही असतो. रक्तदाबासाठी ज्यांचं मीठ बंद केलंय, त्यांनी ही गोळी जेवणातल्या मिठाच्या हिशेबात धरावी.

पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं जरूर वाचा. दोन नावं शोधायची. एक, सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल. साखरविरहित चघळायच्या गोळ्यांत गोडव्यासाठी ती घालतात आणि तीसुद्धा आतड्यात पाणी ओढतात. दुसरं, झिंक. कोविडच्या काळात सी आणि झिंकची जोडगोळी घराघरांत गेली ती अजून तिथेच आहे. झिंक उपाशीपोटी घेतलं की मळमळतंच, आणि बोल मात्र सीला लागतो.

गिळायच्या गोळीबद्दल एक सावधगिरी. रात्री अंथरुणावर बसून, घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली आणि लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळू शकते. ॲस्कॉर्बिक ॲसिडची गोळी तिथल्या नाजूक अस्तराला भाजल्यासारखं करते. दुसऱ्या दिवशी गिळताना छातीच्या मध्यभागी कळ येते आणि माणूस हृदयाच्या भीतीनं घाबरा होतो. पूर्ण पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास तरी बसून राहणं, एवढं करावं. चघळायची गोळी गालात धरून ठेवू नये, दातांवरचं आवरण झिजतं.

मुलांचं तर वेगळंच सांगायला हवं. नारिंगी गोळी मुलांना लिमलेटसारखी वाटते आणि आजी-आजोबाही प्रेमानं हातावर ठेवतात. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाची कमाल मर्यादा 400 मिलीग्रॅम मानतात, चार ते आठ वर्षांसाठी 650. म्हणजे 500 ची एकच गोळी लहानग्याची मर्यादा ओलांडते, आणि दोन गोळ्या पहिलीतल्या मुलाची. लहान मुलाला जुलाब होणं मोठ्यांसारखं नसतं, अंगातलं पाणी भराभर कमी होतं.

मग मुळात लागतं किती? माणूस, माकड, गिनिपिग आणि काही वटवाघळं सोडली तर बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच बनवतात. गोठ्यातल्या शेळीला पेरू लागत नाही. आपल्याला ते रोज खाऊन मिळवावं लागतं, आणि नाही मिळालं तर हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उकलतात, स्कर्व्ही होतो. 1747 साली जेम्स लिंड या स्कॉटिश डॉक्टरनं सॉल्सबरी नावाच्या जहाजावर बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्री-लिंबू मिळालं ती सहा दिवसांत उभी राहिली. रोज दोन संत्री आणि एक लिंबू. आजच्या मापात ते फार तर दीड-दोनशे मिलीग्रॅम भरेल. मरणाच्या दारातल्या माणसांना तेवढ्यानं उठवलं. नुसता स्कर्व्ही टाळायचा तर रोज दहा मिलीग्रॅमही पुरतात.

हजारांचा आकडा आला तो 1970 नंतर. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर रोज ग्रॅममध्ये व्हिटॅमिन सी घ्या असं सांगितलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द जगानं उचलला. पुढे अनेक चाचण्या झाल्या. 2013 मध्ये कोक्रेन या संस्थेनं त्या एकत्र मांडल्या. रोज नेमानं घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांना सर्दी काही कमी वेळा झाली नाही. झालेली सर्दी मोठ्यांत साधारण 8 टक्के आणि मुलांत 14 टक्के लवकर आटोपली. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत राबणारे सैनिक अशांना मात्र खरा फायदा दिसला. आणि सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्या तर भरवशाचा फायदा आढळला नाही. आपण नेमकं तेच करतो.

पोटापलीकडच्या दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. शरीरात व्हिटॅमिन सीचा काही भाग ऑक्झलेट होऊन लघवीत जातो, आणि मूतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. 2013 साली स्वीडनमधल्या तेवीस हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात, या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळलं. ज्यांना एकदा खडा झालाय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. दुसरं, हे जीवनसत्त्व आतड्यात लोहाचं रूप बदलून ते शोषायला सोपं करतं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली सवय म्हणूनच इतकी शहाणी आहे. पण थॅलेसेमियाच्या मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं. त्यांच्यासाठी हाच गुण धोक्याचा ठरतो. तिसरं, मळात न दिसणारं रक्त शोधायच्या रंग बदलणाऱ्या चाचणीला व्हिटॅमिन सी फसवतं. रक्त असूनही अहवाल निरोगी येऊ शकतो. त्या चाचणीआधी तीन दिवस गोळी बंद ठेवतात.

आणि पेरू? शंभर ग्रॅम पेरूत 200 मिलीग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं. सिंहगडावर तिखटमीठ लावून हातात मिळतो त्या पेरूच्या चार फोडींत दिवसाची गरज भागते. आवळ्याचं मोजमाप जातीनुसार बदलतं, तरी शंभर ग्रॅममागे अडीचशेच्या खाली सहसा जात नाही. कार्तिकात मंडईत आवळ्यांचे ढीग लागतात तेव्हा दोन आवळे किसून लोणच्यासारखे ताटात घेतले तरी पुष्कळ झालं. आंबट म्हणजे व्हिटॅमिन सी, हा समज मात्र चुकीचा. चिंच इतकी आंबट, पण तिच्यात ते नावालाच असतं. फळातून येणारं जीवनसत्त्व चोथ्यासोबत, हळूहळू, घासाघासानं आतड्यात उतरतं. दारात एकदम शंभरजण येत नाहीत.

काकांना मी जुलाब बंद करायची गोळी दिली नाही. ओआरएसची दोन पाकिटं दिली, सीच्या सगळ्या गोळ्या दोन दिवस बंद करायला सांगितल्या, आणि बजावून सांगितलं की दोन दिवसांत थांबलं नाही, ताप आला, मळात रक्त दिसलं किंवा पायांत अशक्तपणा वाटला तर थेट डॉक्टरांकडे जायचं. हे शेवटचं उगाच म्हणत नव्हते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या आपल्याच भागात गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर घाला येऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांची सुरुवात साध्या जुलाबांनीच झाली होती आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं होतं. गोळ्या चालू आहेत म्हणून प्रत्येक जुलाबाचं खापर गोळीवर फोडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी फिरून येताना काका थांबले. पोट ठीक झालं होतं. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट खिशातून काढून विचारलं, "आता यांचं काय करू?" मुदत बघितली, अजून वर्षभराची होती. म्हटलं, फळं मिळाली नाहीत त्या दिवशी अर्धी गोळी, जेवण झाल्यावर. आणि पाकीट टीव्हीजवळ ठेवू नका, नातवाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा.